पाहुणी नव्वद दिवसांची



सांगलीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांची लेक लग्न होऊन जर्मनीला निघाली आहे, जावई नोकरीनिमित्त तिकडेच असतात. बाईंनी दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा, की लेकीबरोबर स्वयंपाकघरातलं काय काय द्यावं? दुसरा पत्राच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात आहे : ‘आम्हा दोघांना म्हातारपणी तिच्याजवळ राहता येईल का हो?’

पहिल्याचं उत्तर मी त्याच दिवशी लिहून ठेवलं. दुसऱ्याला महिना लागला. का, ते सांगते. पण आधी स्वयंपाकघर उरकून घेऊ.

इथे भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघरच नसतं! म्हणजे खोली असते, पण ओटा, कपाटं, शेगडी सगळं आधीचा भाडेकरू उचलून नेतो. तेव्हा शेगडी कुठली मिळेल ते लेक तिथे पोचेपर्यंत कळायचं नाही. बहुधा सपाट काचेची असते. तिच्यावर गोल बुडाची कढई डुगडुगते आणि तापत नाही. इंडक्शनची असली तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही. म्हणून स्टीलचा, जाड आणि सपाट बुडाचा कुकर द्यावा, सोबत दोन जादा रिंगा आणि एक शिट्टी. मिक्सर चालतो, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. फक्त आपली तीन पिनांची जाड खुंटी तिथल्या भिंतीत जात नाही, तेवढा जोड घ्यावा. पोळपाट-लाटणं जरूर द्यावं. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, हिंग हे सगळं द्यावं. तूप मात्र देऊ नये, आणि पेढेही नकोत. युरोपात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणताच येत नाहीत. आंबासुद्धा कागदपत्रांशिवाय येत नाही, मग तो घरच्या झाडाचा का असेना.

तुपाची काळजी नको. तिथे आंबवलेल्या सायीचं बिनमिठाचं लोणी मिळतं. पाकिटावर ‘झाउअररामबुटर’ असं लिहिलेलं असतं. ते कढवलं की अगदी घरच्या विरजणाच्या लोण्याचा वास येतो. चक्क्याऐवजी ‘क्वार्क’. चाळीस टक्केवाला अर्धा किलो घ्यावा, रात्रभर फडक्यात टांगावा, सकाळी पिठीसाखर, केशर, वेलची. पाहुण्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. पिठाच्या पुड्यांवर नंबर असतात. ४०५ म्हणजे आपला मैदा, त्याच्या पोळ्या चामट होतात. १०५० नंबरचं पीठ कोमट पाण्यात भिजवून तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवलं तर निभतं. भेंडी, कोथिंबीर, काबुली चणे तुर्की दुकानात बघावेत. आणि फोडणी करण्याआधी खिडकी उघडावी. घरोघरी छताला धुराची सूचना देणारं यंत्र बसवणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे. आमच्या पहिल्या हिंग-मोहरीच्या फोडणीला ते असं काही बोंबललं, की वरचे मजले जिन्यात उतरले.

झालं पहिलं उत्तर. आता दुसरं.

आम्ही नाशिकचे. २०१३ साली स्टुटगार्टला आलो. जर्मनीने २०१२ च्या ऑगस्टपासून शिकलेल्या परदेशी नोकरदारांसाठी ‘ब्ल्यू कार्ड’ सुरू केलं होतं, ते ह्यांना मिळालं. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, असं कुठेसं वाचलं होतं, त्याचा मला उगाचच धीर वाटला होता. बहिणीकडे चाललो आहोत, असं म्हणून निघाले. दोन-तीन वर्षं राहू, चार पैसे गाठीला बांधू आणि परत येऊ, असा बेत. मुलगा तेव्हा चौथीत होता. आता तो विद्यापीठात आहे, आणि आमचा बेत अजून दोन-तीन वर्षांचाच आहे!

आई नाशिकला एकटी असते. वय सत्त्याहत्तर. बाबा गेले, मी एकुलती एक. मागच्या श्रावणात ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. मला कळलं दुसऱ्या दिवशी, तेही शेजारच्या वहिनींकडून. ‘तू उगाच धावत येशील म्हणून सांगितलं नाही,’ असं आईचं म्हणणं. हाड मोडलं नव्हतं. पण त्या रात्री फोन ठेवल्यावर मी ह्यांना म्हटलं, “तिला इकडेच आणू या.” हे काही बोलले नाहीत. त्यांना नियम ठाऊक होता. मलाही होता, खरं म्हणजे.

नियम असा आहे, मैत्रिणींनो. आईबापांना पाहुणे म्हणून आणता येतं. व्हिसाला नव्वद युरो पडतात, निदान तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा उतरवावा लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. एकट्या जर्मनीत नव्हे बरं का, शेंगेनच्या सगळ्या देशांत मिळून. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं चिमुकलं गाव. १९८५ साली पाच देशांनी तिथे आपसातल्या सीमा उघडायचा करार केला, १९९५ पासून तो अमलात आला. आज २९ देश त्यात आहेत. आम्ही सकाळी न्याहारी जर्मनीत करून दुपारचं जेवण फ्रान्समध्ये घेतो, तेव्हा मध्ये सीमा कधी गेली ते कळतसुद्धा नाही. आतल्यांसाठी भिंती पडल्या, त्या बाहेरच्या कडेला नेऊन उंच बांधल्या. आईसाठी मी त्या कडेशी उभी आहे.

तर आई आली. पाडवा उरकून २ एप्रिल २०२५ ला उतरली. सामानात कपडे कमी, बरण्या जास्त. तुपाची बरणी शेवटच्या क्षणी शेजारी ठेवून यावी लागली, ते दु:ख आठवडाभर पुरलं. आणि हो, बॅगेच्या तळाशी गुंडाळी करून कालनिर्णय!

पहिल्याच आठवड्यात आमच्या दारावर पाटी लटकली. स्टुटगार्टकडे ही ‘केअरवोखे’ची जुनी रीत आहे. बिऱ्हाडांनी आळीपाळीने आठवडाभर जिना-अंगण झाडायचं. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी. आईला ती रीत फार पसंत पडली. इतकी, की आमचा आठवडा संपला तरी रोज सकाळी सहाला उठून ती जिना झाडू लागली. वर दारापुढे रांगोळीची चार बोटं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला गाठून विचारलं, “आम्ही नीट झाडत नाही, असं तुमच्या आईंना सुचवायचं आहे का?” आता काय सांगू! “तिला दिवस कुठून सुरू करावा ते कळत नाही,” असं म्हणाले. ते खरंच होतं.

कारण दिवसभर ती करणार काय? भाषा नाही. खाली उतरून दूधवाल्याशी बोलावं तर दूधवाला नाही. रविवारी दुकानं बंद, रस्ता चिडीचूप. “कुणी गेलंय का गं?” असं तिने पहिल्या रविवारी विचारलं होतं.

तिला माणूस सापडलं ते दुसऱ्या मजल्यावर. तिथे एक तुर्की आजी राहतात. त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार मागवले, त्यांना नावच दिलं ‘पाहुणे कामगार’. त्यांत बायाही पुष्कळ होत्या, विजेच्या वस्तूंच्या कारखान्यांत नाजूक हात हवे म्हणून. १९७३ च्या नोव्हेंबरात भरती एकाएकी बंद झाली. सरकारला वाटलं, पाहुणे आता परत जातील. झालं उलटंच! एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या भीतीने लोकांनी बायकामुलांनाच बोलावून घेतलं. आजी त्याच लाटेत, १९७४ साली आल्या. दोन वर्षांसाठी! यजमान आता तिकडे गावच्या मातीत आहेत, मुलं-नातवंडं इथे. आजी वर्षातले काही महिने इकडे, काही तिकडे काढतात.

आईचं आणि त्यांचं कसं जमलं? एक दिवस दोघी जिन्यात बोलत बसलेल्या दिसल्या. मला वाटलं, खाणाखुणा चालल्या असतील. जवळ जाऊन ऐकते तर शब्द! साबण, बदाम, दुकान, हवा, दुनिया, चहा, हलवा. फारसी-अरबीतून एक पीठ इकडे आलं आणि एक तिकडे गेलं, त्यामुळे हे शब्द थोड्या फरकाने दोन्ही भाषांत आहेत. तेवढ्या भांडवलावर दोघींनी संसार मांडला होता. ‘हवा’ म्हणायचं आणि खिडकीकडे बघून नाक मुरडायचं. ‘नशीब’ म्हणायचं आणि कपाळाला हात लावायचा. बारा वर्षांत मी त्या आजींशी जेवढी बोलले नव्हते, तेवढं आई महिन्याभरात बोलली.

एप्रिलमध्येच आम्ही किराणा आणायला गेलो, तर फळांच्या फळीवर द्राक्षं. डब्यावर लिहिलेलं : भारत. आईने चष्मा लावून पाहिलं, एक मणी चाखला. (चोरून, हो!) “निफाडकडची असतील,” म्हणाली. आमचीही तिकडे थोडी द्राक्षबाग आहे. मग डबा खाली ठेवत म्हणाली, “ह्यांना किती दिवसांचा व्हिसा असतो गं?”

मी हसले. घरी येऊन मात्र न्हाणीघरात नळ सोडून थोडी रडले.

आता सांगलीच्या बाईंसाठी नीट लिहिते. १ मार्च २०२४ पासून जर्मनीने नियम थोडा सैल केला आहे. ज्या कुशल नोकरदाराला ब्ल्यू कार्ड किंवा तसा परवाना त्या तारखेला किंवा नंतर पहिल्यांदा मिळाला, त्याच्या आणि त्याच्या बायकोच्याही आईवडिलांना तिथे राहण्याचा परवाना मिळू शकतो. ‘मिळू शकतो’, मिळतोच असं नाही. तेव्हा जावयांच्या पहिल्या परवान्यावरची तारीख आधी बघा. आमची २०१३ ची, म्हणून आई बाहेर. तारीख जुळली तरी खरी अडचण आजारपणाच्या विम्याची आहे. नोकरदाराच्या सरकारी विम्यात बायको-मुलं येतात, आईबाप येत नाहीत. पंचावन्नच्या पुढे नव्याने आलेल्याला सरकारी विमा सहसा दारातही घेत नाही, आणि खाजगी विमा भारी महाग. त्याचा आकडा आधी विचारून घ्या, मग स्वप्नं रंगवा. रागावू नका, स्पष्ट लिहिते आहे.

मग मी काय करणार? उलटा विचार केला. आई इकडे येऊ शकत नाही, तर मी तिकडे जाऊन राहावं. पण माझ्या इथल्या कायम परवान्याला अट आहे. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं, तर तो एरवी रद्द होतो. आधी अर्ज करून मुदत वाढवून मागता येते, पण तो साहेबाच्या मर्जीचा मामला. आईचं दुखणं काही मुदत ठरवून येणार नाही. आणि इथे हे आहेत, मुलगा आहे.

वाट एकच उरते. जर्मन पासपोर्ट घ्यायचा. २०२४ च्या जूनपासून पाच वर्षांच्या वास्तव्यावर तो मागता येतो आणि त्यांच्या बाजूने जुना सोडावा लागत नाही. आपला १९५५ चा कायदा मात्र दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं, असं सांगतो. त्याऐवजी ओसीआय कार्ड मिळतं. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. पण भारतात हवं तितकं राहता येतं आणि इकडचं दारही उघडं राहतं. म्हणजे आईजवळ मन मानेल तितकं राहायचं, तर मला आधी तिच्या देशात परकी व्हायला हवं. हा हिशेब मी ह्यांना तीनदा समजावून सांगितला, दर वेळी मलाच तो नव्याने समजला.

मे महिन्यात नागरिकत्वाची परीक्षा दिली. तेहतीस प्रश्न असतात, सतरा बरोबर आले की पास. पास झाले. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिला वाईट वाटेल म्हणून मी फार सांभाळून बोलत होते. ती मेथी निवडत होती.

“म्हणजे माझ्या घरी यायला तुला परवाना लागणार?”

“हो. पण आयुष्यभराचा मिळतो, आई.”

“माझा नव्वद दिवसांचा, तुझा आयुष्यभराचा. तुझाच बरा की मग!” आणि थोड्या वेळाने म्हणाली, “बाबांच्या कपाटात तुझा पहिला पासपोर्ट आहे, कोपरा कापलेला. तो मागणार नाहीत ना ते?”

नाही मागणार, असं मी सांगितलं.

बाईंनी विचारलेलं नाही, पण एक सांगून ठेवते. दिवस मोजताना उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन ही मोजणी यंत्रावर होऊ लागली आहे, तेव्हा ‘एखाद्या दिवसाने काय होतंय’ म्हणू नये. परतीचं तिकीट दोन दिवस हातचे राखून काढावं; विमान चुकलं तर उपयोगी पडतात. आम्ही आईचं २८ जूनचं काढलं होतं, अठ्ठ्याऐंशीव्या दिवसाचं. आषाढी एकादशीला घरी असावं, हाही तिचा हट्ट होताच. तुर्की आजी जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आल्या, आईच्या मागे तांब्याभर पाणी रस्त्यावर ओतलं. पाण्यासारखी जा, पाण्यासारखी परत ये, अशी त्यांच्याकडची रीत आहे.

विमानतळावरून आले आणि ओट्याशेजारचा कालनिर्णय उतरवायला गेले. नाशिकला असताना आई त्याच्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहायची, मला ते लहानपणापासून माहीत. इकडे दूध बाटलीतून येतं, हिशेब ठेवायचा कुणाचा? तरी प्रत्येक चौकटीत तिच्या बारीक अक्षरात आकडा होता. २ एप्रिलला ८९. मग ८८, ८७. मेमध्ये एक दिवस ती तापाने झोपून होती, त्या दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवशी भरलेला, वेगळ्या शाईने. २८ जूनच्या चौकटीत २ लिहून पुढे कंसात एक शब्द होता : शिल्लक.