कुंकळ्ळीचे अर्धे स्मरण

मडगावहून कारवारकडे जाणारा हमरस्ता कुंकळ्ळी गावातून जातो. रोज शेकडो वाहने या गावावरून धावतात. आपल्या यात्रेकरूंच्या बसगाड्याही जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला जाऊन आल्यावर कधीकधी याच वाटेने दक्षिणेकडे निघतात. परंतु त्या गाड्या कुंकळ्ळीला थांबत नाहीत. इथे विहिरीच्या जागी बांधलेले एक चॅपेल आहे आणि गावनायकांचे एक स्मारकही आहे. पहिल्याविषयी आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात चार वाक्ये ऐकलेली असतात. दुसऱ्याविषयी आम्हांला कोणी काही सांगितलेले नसते आणि आम्हीही कधी विचारलेले नसते.

जुलै १५८३ मध्ये येशूसंघाचे पाच व्रतस्थ येथे मारले गेले. रुदोल्फ आक्वाविवा हे त्यांचे प्रमुख होते. इटलीतील आत्री येथील उमराव घराण्यात जन्मलेला हा धर्मगुरू फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाच्या दरबारी तीन वर्षे राहून नुकताच गोव्यात परतला होता. त्यांच्याबरोबर फादर आल्फोन्सो पाशेको, फादर पिएत्रो बेर्नो, फादर आंतोनियो फ्रांसिश्कु आणि बंधू फ्रांसिश्कु आरान्य होते. क्रूस उभारावा आणि देवळासाठी जागा निवडावी, या हेतूने ते गावात आले होते. गावकरी शस्त्रे घेऊन धावून आले. सोबतच्या गोन्सालो रॉड्रिग्ज नावाच्या पोर्तुगीज गृहस्थाने बंदूक उचलली, तेव्हा पाशेको यांनी त्याला आवरले. पाचही जण निःशस्त्र मेले. १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांना धन्यपद दिले. त्यांच्या धैर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पुढील ओळी वाचताना वाचकांनी हे विसरू नये.

आता प्रश्न असा की, गावकरी शस्त्रे घेऊन का आले? आमच्या घरांत या प्रश्नाचे ठरलेले उत्तर आहे : ते रानटी होते, सत्यधर्माचे वैरी होते. हे उत्तर खोटे आहे, आणि ते खोटे ठरवायला परक्यांच्या पुस्तकाची गरज नाही. ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या इतिहासकारांनीच लिहून ठेवले आहे की, पाशेको आणि बेर्नो हे पोर्तुगीज फौजेच्या शिक्षामोहिमांबरोबर कुंकळ्ळीत गेले होते आणि तेथील देवळे पाडण्यात त्यांचा हात होता. १५६७ साली राशोलच्या कप्तानाने सासष्टीतील शेकडो देवळे जमीनदोस्त केली होती. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला हलवावी लागली. ज्या गावाची देवी गेली, त्या गावात त्याच फौजेच्या छत्राखाली क्रूस आला. गावाने क्रूस पाहिला की फौज पाहिली, हे सांगायला विद्वान लागत नाही.

यातून हत्या न्याय्य ठरते काय? मुळीच नाही. निःशस्त्र माणसाला मारणे हे पाप आहे, मग मारणाऱ्याचे दुःख कितीही खरे असो. पण हाच न्याय पुढल्या घटनेलाही लागू करण्याचे धैर्य आमच्यात आहे का? हत्याकांडानंतर गावनायकांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले. सोळा जण गेले. शब्दावर विश्वास ठेवून गेलेल्या या माणसांना चौकशी नाही, न्यायनिवाडा नाही, थेट ठार करण्यात आले. एक जण नदीत उडी टाकून निसटला, असे गावाची परंपरा सांगते. पाठोपाठ गावांच्या जमिनी जप्त झाल्या. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राजसत्तेने दिलेला शब्द मोडून केलेली ही हत्या होती. तिच्या स्मारकाला चारशे वर्षे उलटून जावी लागली.

आमच्यातील काही जण यावर चिडून विचारतात, "धर्मगुरूंच्या मारेकऱ्यांसाठी आता आपण मेणबत्त्या लावायच्या का?" आमचे उत्तर असे की, प्रभूने क्रूसावरून मारेकऱ्यांसाठीच क्षमा मागितली. शिवाय त्या सोळांपैकी कोणाच्या हातून काय घडले, हे कोणत्याही न्यायासनापुढे कधी सिद्ध झाले नाही. दुसऱ्या बाजूला काही मंडळी या सोळांची नावे घेऊन आजच्या गोमंतकीय ख्रिस्ती माणसाला परका ठरवू पाहतात. त्यांनी शिमग्याच्या दिवसांत कुंकळ्ळीला जावे. फातर्प्याहून देवी जुन्या गावी येते, बारा वांगडींच्या बारा छत्र्या तिच्याबरोबर निघतात, आणि त्या वांगडींतले ख्रिस्तीही त्यात सामील होतात. आरोग्यमातेच्या चर्चमध्ये मिस्सेला जाणारा माणूसही त्याच नायकांचा वंशज आहे. त्याला परका म्हणणे हा त्या सोळांचाच अपमान आहे.

परंतु आमची खरी तक्रार आणखी एका विस्मरणाबद्दल आहे, आणि ती आमच्याच घरची आहे. त्या दिवशी पाच व्रतस्थांबरोबर चौदा-पंधरा देशी ख्रिस्तीही मारले गेले. त्यांत कुंकळ्ळीचाच दोमिंगो नावाचा मुलगा होता. तो राशोलला शिकत होता. धर्मगुरूंना देवळे दाखवल्याबद्दल त्याच्या सख्ख्या काकानेच त्याला मारले, असे नोंदलेले आहे. आल्फोन्सो हा वेदीसेवक फादर पाशेको यांचे प्रार्थनापुस्तक हातातून सोडीना, म्हणून त्याचे हात तोडण्यात आले. तो दुसऱ्या दिवशी मेला. एका घरात काका आणि पुतण्या यांच्यामध्ये तलवार आली, यातच कुंकळ्ळीची सारी शोकांतिका आहे. पण धन्य ठरलेल्यांच्या यादीत या मुलांची नावे नाहीत.

हे अपरिहार्य होते असे कोणी म्हणेल, तर आम्ही नागासाकीकडे बोट दाखवू. तेथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया क्रूसावर गेले. त्यांच्यासमवेतच्या सव्वीस जणांत सतरा जपानी प्रापंचिक होते, आणि बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. १८६२ साली पोप नववे पायस यांनी सव्वीसच्या सव्वीस जणांना संतपद दिले. जपानी मुलगा वेदीवर चढू शकतो, तर मडगाव-वेर्ण्याकडचा आल्फोन्सो का नाही?

जुनी थडगी कशाला उकरता, असे आम्हांला विचारले जाईल. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या बळजबरीबद्दल जाहीर क्षमायाचना केली. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगितले आहे. रोममध्ये जे उच्चारले गेले, ते आपल्या धर्मग्रामात उच्चारायला आम्ही का कचरावे?

आमचे मागणे मोठे नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात कुंकळ्ळीचा धडा पूर्ण शिकवावा : पाडलेली देवळे, मारलेले पाच, त्यांच्याबरोबरची मुले, आणि फसवून मारलेले नायक. यात्रेच्या गाडीने कुंकळ्ळीला अर्धा तास थांबावे, आणि चॅपेल व नायकांचे स्मारक दोन्ही ठिकाणी प्रार्थना करावी. दोन नोव्हेंबरला मृतांच्या मिस्सेत दोमिंगो, आल्फोन्सो आणि असोळण्याचे नायक यांचे एकत्र स्मरण करावे. उद्या आमच्या मुलांना कोणी रस्त्यात अडवून "तुमच्या धर्माने काय केले ते माहीत आहे का?" असे विचारील. तेव्हा मुलांनी मान खाली घालू नये, खोटेही बोलू नये. "हो, माहीत आहे. आम्हांला आमच्या घरीच सांगितले आहे," एवढे त्यांना म्हणता आले पाहिजे.