संग्रहालयातील मनाई

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील चोलकालीन नटराजापुढे एखादा प्रेक्षक नकळत हात जोडतो आणि चरणांना स्पर्श करण्यासाठी पुढे सरतो. रखवालदार त्याला हटकतो. प्रेक्षकाचे हे वर्तन अडाणीपणाचे नव्हे. देवदर्शनाचा संस्कारच तेथे प्रकट होतो. तरीही नियम योग्यच आहे, कारण घामातील क्षारांनी कांस्य हळूहळू झिजते.

परंतु ‘हात लावू नये’ एवढ्याच शब्दांची पाटी अपुरी वाटते. मराठी मनाला त्या शब्दांमागे ‘शिवू नये’ ही जुनी आज्ञा ऐकू येते. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, तो तिच्याचविरुद्ध. ती मनाई माणसाच्या जन्माला होती. संग्रहालयातील मनाई प्रत्येक हाताला आहे, मग तो पुजाऱ्याचा असो वा शेतमजुराचा. मूर्तीपासूनचे हे अंतर सर्वांना सारखे आहे, यातच संग्रहालयाचे मोठेपण आहे.

म्हणून पाटीवर मनाईबरोबर तिचे कारणही लिहावे, आणि ते प्रेक्षकाच्या भाषेत लिहावे. कारण न सांगता केलेली मनाई जुन्या मनाईचीच आठवण करून देते.