एक छप्पर, तीन बिऱ्हाडे

कडक थंडीच्या मुलखात घर उबदार ठेवणे ही चैन नव्हे. ती जगण्याची अट असते. म्हणूनच घर तापविण्याचे साधन बदलण्याचा प्रश्न निघाला की तो केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही. तो कुटुंबाच्या अंदाजपत्रकाचा, मालकीहक्काचा आणि शेवटी सामाजिक न्यायाचा प्रश्न होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२१ साली कायदा करून १९९० च्या तुलनेत हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०३० पर्यंत निम्म्यावर आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचा निर्धार केला. हा निर्धार स्तुत्य आहे. परंतु त्याची खरी परीक्षा विधिमंडळाच्या सभागृहात व्हायची नसून बॉस्टन, सॉमरव्हिल आणि वुस्टर या शहरांतील जुन्या घरांच्या सपाट छपरांवर व्हायची आहे.

या शहरांत ‘ट्रिपल-डेकर’ नावाने ओळखली जाणारी तीन मजली लाकडी घरे हजारोंच्या संख्येने उभी आहेत. सुमारे १८७० ते १९३० या काळात गिरण्या-कारखान्यांतील कामगारांसाठी ती बांधली गेली. एका मजल्यावर एक बिऱ्हाड, पुढेमागे लाकडी सज्जे आणि वर सपाट छप्पर, अशी त्यांची सर्वसाधारण रचना. मालकाने एका मजल्यावर राहावे आणि उरलेल्या दोन मजल्यांच्या भाड्यातून घराचे कर्ज फेडावे, हा त्यामागचा व्यवहार. देशोदेशींहून आलेल्या श्रमिकांना याच घरांनी आसरा दिला. पुढे त्यांतील अनेक घरांचे मजले सुटे विकले गेले. एका मालकाच्या जागी तीन मालक आले. छप्पर मात्र एकच राहिले.

या छपरावर आता हीट पंप बसवावा, असे राज्याचे धोरण सांगते. हीट पंप म्हणजे मूलतः उलट दिशेने चालणारे शीतकपाट होय. शीतकपाट आतील उष्णता बाहेर टाकते. हीट पंप बाहेरच्या थंड हवेतील उष्णता गोळा करून घरात आणतो. थंड हवेत उष्णता कुठली, असा प्रश्न सामान्य माणसाला पडणे स्वाभाविक आहे. परंतु शून्याखाली १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेतही उष्णता असतेच. तिच्याहूनही थंड असा द्रव नळ्यांतून फिरविला की तो ती शोषून घेतो, त्याची वाफ होते, आणि कॉम्प्रेसरने ती वाफ दाबली की तिचे तापमान चढते. लॉर्ड केल्विन यांनी या तत्त्वावर घर तापविण्याची कल्पना १८५२ सालीच मांडली होती. तिचा लाभ असा की वीज येथे उष्णता निर्माण करीत नाही. ती फक्त वाहून आणते. त्यामुळे सौम्य हवामानात विजेच्या एका युनिटमागे तीन ते चार युनिट उष्णता मिळते. थंडी वाढली की हे प्रमाण घसरते.

ते किती घसरावे याला मर्यादा आहे. अतिथंड हवामानासाठी उपयुक्त यंत्रांची जी यादी अमेरिकेच्या ईशान्य भागात प्रमाण मानली जाते, तिच्यात स्थान मिळण्यासाठी शून्याखाली १५ अंशांवरही एका युनिटमागे किमान पावणेदोन युनिट उष्णता मिळावी लागते. बॉस्टनमध्ये ४ फेब्रुवारी २०२३ रोजी पारा शून्याखाली २३ अंशांपर्यंत उतरला. १९५७ नंतरची ती तेथील सर्वांत कडक थंडी होती. अशा रात्री वर्षानुवर्षांतून एखादीच येतात. घराची गरज नीट मोजून यंत्र निवडले आणि निकडीसाठी पूरक साधन ठेवले, तर थंडीचा आक्षेप टिकत नाही. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या बॉस्टनहून थंड देशांत हीट पंप घरोघरी रूढ झाले आहेत, हा त्याचा पुरेसा पुरावा होय. यंत्र चालते की नाही हा वाद आता संपला आहे. वाद उरला आहे तो खर्चाचा.

छपराचा हिशेब

जमिनीवर मोकळी जागा नाही, शेजारच्या घराची भिंत हाताच्या अंतरावर, अशा दाट वस्तीत यंत्राचा बाहेरचा भाग छपरावर ठेवणे सोयीचे वाटते. परंतु सपाट छप्पर ही केवळ रिकामी जागा नव्हे. त्यावरील रबरी आच्छादन हे घराचे पाण्यापासूनचे एकमेव संरक्षण असते. यंत्राचे पाय पक्के करण्यासाठी त्याला भोके पाडली आणि ती नीट बुजविली नाहीत, तर दोनचार हिवाळ्यांत खालचे लाकूड कुजू लागते. म्हणून जाणकार कारागीर शक्यतो छपराला भोक न पाडता, भार पसरविणाऱ्या बैठकींवर उंच चौकट उभारतो, ती भार पेलणाऱ्या भिंतींच्या वर येईल अशी योजना करतो आणि वाऱ्याने यंत्र हलू नये याची तजवीज करतो. उंचीचे महत्त्व येथे विशेष आहे. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये एकूण ११० इंचांहून अधिक हिमवर्षाव झाला. यंत्र बर्फात गाडले गेले तर त्याला हवाच मिळत नाही. शिवाय बाहेरच्या नळ्यांवर साचणारे हिम वितळविण्यासाठी यंत्र अधूनमधून उलट चालते. त्या वेळी निघणारे पाणी छपरावरच पुन्हा गोठते आणि त्याच्या निचऱ्याची सोय आधीच करावी लागते.

याखेरीज एक अडचण आहे, जिच्याकडे अनुदानाचे तक्ते पाहणाऱ्यांचे लक्ष जात नाही. हीट पंपाचे आयुष्य साधारणतः पंधरा वर्षांचे. छपराच्या आच्छादनाचे वीस ते तीस वर्षांचे. आच्छादन वीस वर्षांचे झालेले असताना त्यावर नवे यंत्र बसविले, तर काही वर्षांतच ते उचलून, छप्पर बदलून पुन्हा बसवावे लागणार. तोच खर्च दोनदा. उलट, आधी छप्पर नवे करून त्याखाली उष्णतारोधक थर घातला तर घराची गरजच कमी होते आणि लहान, स्वस्त यंत्र पुरते. क्रम उलटला की अर्थशास्त्र उलटते. यंत्राला अनुदान देणारी योजना छपराच्या दुरुस्तीकडे पाठ फिरवीत असेल, तर ती अपव्ययालाच उत्तेजन देते असे म्हणावे लागेल.

दराचे गणित

आता चालू खर्चाकडे वळू. सोयीसाठी पूर्णांक घेऊन हिशेब मांडला तर असे दिसते. वीज युनिटला ३० सेंट दराने मिळते आणि हिवाळ्यातील सरासरी गुणक अडीच आहे असे समजा. म्हणजे एक युनिट उष्णता १२ सेंटला पडली. नैसर्गिक वायू थर्मला दोन डॉलर दराने घेतला आणि बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर तीच उष्णता साडेसात सेंटला पडते. तेलाचा भाव गॅलनला पावणेचार डॉलर धरला तर सुमारे ११ सेंट. आणि विजेच्या जुन्या तापक पट्ट्या असतील तर सरळ ३० सेंट. तात्पर्य हे की ज्याच्या घरी तापक पट्ट्या आहेत त्याचे मोठे कल्याण, तेलवाल्याची जवळजवळ बरोबरी, आणि वायूवाल्याचे नुकसान. राष्ट्राच्या दृष्टीने मात्र हिशेब निराळा आहे. वायू घरात जाळल्यास शंभरातील नव्वद भाग उष्णता मिळते. तोच वायू वीजकेंद्रात जाळून शंभरातील पंचेचाळीस भाग वीज घरापर्यंत पोचली, तरी हीट पंप तिचे एकशे बारा भाग करतो. समाजाला जे स्वस्त ते व्यक्तीला महाग, असा हा पेच आहे.

तो निसर्गाने नव्हे, दररचनेने निर्माण केला आहे. विजेच्या प्रत्येक युनिटवर केवळ इंधनाचा नव्हे, तर तारा, खांब आणि विविध सरकारी योजनांचा खर्चही चढविलेला असतो. परंतु न्यू इंग्लंडमध्ये विजेची कमाल मागणी अद्याप उन्हाळ्यात असते. हिवाळ्यात त्याच तारांना सवड असते. हिवाळ्यातील जादा युनिटवर तारांचा पूर्ण भार लादणे म्हणूनच तर्कदुष्ट आहे. हीट पंपासाठी हिवाळी सवलतीचा दर देण्यास राज्यातील वीज कंपन्यांनी सुरुवात केली आहे, ती या दृष्टीने योग्य होय. वरील उदाहरणात दर १९ सेंटांवर आला की वायूशी बरोबरी होते. अर्थात, घरोघरी पंप बसले की कमाल मागणी हिवाळ्याकडे सरकेल आणि ही सवड संपेल, हा आक्षेप खोटा नाही. पण तो आजच्या सवलतीविरुद्धचा युक्तिवाद नसून घरे उष्णतारोधक करण्याच्या बाजूचा युक्तिवाद आहे.

सोय कोणाची, भार कोणावर?

सर्वांत नाजूक प्रश्न वाटपाचा आहे. ‘मास सेव्ह’ ही राज्यातील अनुदान योजना वीज आणि वायू ग्राहकांच्या देयकांतील आकारणीतून चालते. ही आकारणी भाडेकरूही देतो. परंतु तिच्यातून २०२४ पर्यंत संपूर्ण घरासाठी मिळणारे १० हजार डॉलरपर्यंतचे अनुदान पदरात पाडून घ्यायचे तर उरलेले कित्येक हजार डॉलर उभे करण्याची ऐपत आणि छपरावर हक्क, दोन्ही लागत. केंद्र सरकारची दोन हजार डॉलरपर्यंतची करसवलत ज्याला तेवढा कर भरावा लागतो त्यालाच उपयोगी होती. आणि तीही २०२५ च्या अखेरीस बंद झाली. ज्याच्याजवळ आहे त्याला अधिक, असा हा न्याय झाला.

भाडेकरूच्या बाबतीत तर धोका याहून गंभीर आहे. लेखी करार वेगळा नसेल तर घर तापविण्याची जबाबदारी मालकाची, आणि दिवसा खोलीत किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सिअस तापमान राखलेच पाहिजे, असा राज्याचा आरोग्यविषयक नियम आहे. जेथे तळघरातील बॉयलरचे देयक मालक भरतो, तेथे त्याने प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र हीट पंप बसवून तो भाडेकरूच्या मीटरला जोडला आणि नव्या करारात तसे लिहून घेतले, तर उबेचा सारा खर्च गुपचूप खालच्या खांद्यावर सरकतो. यंत्राचे अनुदान मालकाला, देयक भाडेकरूला. भाडेकरू मग पंप बंद ठेवून अंगावर चार कपडे चढवून बसेल. उत्सर्जनाच्या आकडेवारीत ती बचत म्हणून नोंदली जाईल. माणसाच्या हिशेबात ती वंचना आहे.

तीन मालक असले तर अडचण निराळी. यंत्राचा आवाज आणि गळतीचा धोका वरच्या मजल्याला, लांब नळ्यांचा खर्च खालच्या मजल्याला, उष्णतारोधक थराचा सर्वाधिक लाभ पुन्हा वरच्याला. एकाचा होकार दुसऱ्याच्या नकाराने अडतो आणि तिघेही जुना बॉयलर चालू ठेवतात. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. गच्चीवर सौर पट्ट्या बसवायच्या म्हटल्या की बंगलेवाला आठवड्यात निर्णय घेतो आणि सदनिकाधारकांच्या सर्वसाधारण सभा वर्ष-वर्ष चालतात. भाडेकरूला तर सभेत जागाच नसते. सामायिक छपराचा प्रश्न बॉस्टनचा असो वा पुण्याचा, वैयक्तिक मालकी गृहीत धरून आखलेली अनुदाने तेथे लंगडी पडतात.

मार्ग नाही असे नाही. अनुदान यंत्राला न देता संपूर्ण इमारतीला द्यावे आणि छप्पर, उष्णतारोधक थर व हीट पंप ही एकाच कामाची तीन अंगे मानावीत. भाड्याच्या घरासाठी अनुदान घेणाऱ्या मालकावर भाडेकरूचा एकूण खर्च ठराविक वर्षे वाढू न देण्याची अट घालावी. सुरुवातीचा खर्च वीज कंपनीने करून तो मीटरशी जोडलेल्या हप्त्यांनी वसूल करावा, म्हणजे बिऱ्हाड बदलले तरी हप्ता घराशी राहील. मात्र तो हप्ताही वरील मर्यादेतच बसला पाहिजे. आणि हिवाळी दर तात्पुरती मेहेरबानी म्हणून न देता, खर्चाच्या खऱ्या हिशेबावर उभा करावा. यासाठी नवे शोध लागत नाहीत. लागते ती हिशेब उघड मांडण्याची तयारी.

इंधनपालट अपरिहार्य आहे. तो कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या सोयीने व्हावा, हे मात्र अपरिहार्य नाही. ते ठरवावे लागते. वरच्या मजल्यावर ऊब आणि खालच्या मजल्यावर देयक अशी वाटणी झाली, तर लोक दोष धोरण आखणाऱ्यांना न देता यंत्राला देतील. मग ज्या कामासाठी शतकापूर्वीची ती छपरे अजून भक्कम उभी आहेत, ते काम केवळ चुकीच्या हिशेबापायी अडून राहील.