मीटरचं पोट बदलू नका!

विंटेज गाडी म्हटलं की सगळे पेंट आणि क्रोमवर तुटून पडतात. डॅशबोर्डचे मीटर मात्र सर्रास 'मॉडर्न' होतात: वर जुनी डायल, आत स्टेपर मोटर. आपल्याला नाही पटत.

जुना स्पीडोमीटर म्हणजे एडी करंटचं चालतंबोलतं प्रॅक्टिकल. केबल चुंबक फिरवते, त्याच्याभोवतीचा अॅल्युमिनियमचा कप ओढला जातो, केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला अडवते. जिथे दोघांचं जमतं तिथे काटा थांबतो. ना चिप, ना सॉफ्टवेअर! १९६० च्या दशकातल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत तर पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकाच १० व्होल्टच्या स्टॅबिलायझरवर. दोन्ही एकदम जास्त दाखवायला लागले, तर आधी त्याचं अर्थिंग बघा. मीटर कशाला फेकता?

(फार जुन्या, अंधारात चमकणाऱ्या डायली घरी खरवडू नका बरं का. त्यात रेडियम असू शकतं, अर्धायुष्य १६०० वर्षं! चमक गेली तरी ते तिथेच असतं.)

वाळलेलं वंगण काढा, काच बदला, हरकत नाही. पण ओडोमीटर शून्यावर आणायचा नाही. ते आकडे गाडीने चालून कमावलेत, आणि पुढचा घेणारा त्यांच्यावरच भाव ठरवणार आहे.