सेवेची किंमत आणि बुद्धीची मुदत

विद्यापीठांच्या बड्या रुग्णालयांच्या जाहिरातींत 'करिअर' हा शब्द हल्ली फार सढळ हाताने वापरला जातो. परिचारिकेला करिअर, संशोधकाला करिअर! बर्लिनचे शारिटे हे १७१० साली उभे राहिलेले रुग्णालय युरोपातील अशा संस्थांत अग्रगण्य मानले जाते. तेथे या शब्दाचा अर्थ काय होतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्यास निकडीचे कारण आहे. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार महाराष्ट्र सरकारने २०२४ साली केला असून त्यात परिचारिकाही आहेत.

२००३-०४ पासून जर्मन रुग्णालयांना रोगनिदानागणिक ठरावीक रक्कम मिळू लागली. शस्त्रक्रिया म्हणजे उत्पन्न आणि शुश्रूषा म्हणजे खर्च, असा हिशेब मग मांडला गेला यात नवल ते काय? २०१५ साली शारिटेतील परिचारिका संपावर गेल्या त्या पगारवाढीसाठी नव्हे. एका पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका, एवढाच त्यांचा प्रश्न होता. 'रुग्णांना वाऱ्यावर सोडता काय?' हा ठेवणीतला सवाल त्यांनाही विचारण्यात आला. (सेवाभावाचे गोडवे गाणारे नेहमी दुसऱ्याच्या सेवेविषयी बोलत असतात.) त्यांचे उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. कोणत्या विभागातील किती खाटा बंद राहतील हे संघटनेने आगाऊ कळविले; त्या रिकाम्या करण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर आली आणि संपाची झळ तिजोरीला लागली. २०१६ साली मनुष्यबळाचा करार झाला. त्याची अंमलबजावणी तोकडी पडली, तेव्हा २०२१ मध्ये पुन्हा सुमारे महिनाभर संप झाला. कमी माणसांवर रेटलेल्या पाळ्यांची भरपाई रजेच्या रूपाने देणे अखेर व्यवस्थापनाला भाग पडले.

प्रयोगशाळांत मात्र अशी झुंज उभी राहिलेली नाही. २००७ च्या कायद्याने संशोधकाला पीएच.डी.पूर्वी सहा आणि वैद्यकशास्त्रात त्यानंतर नऊ वर्षे मुदतीच्या कंत्राटावर ठेवता येते. पुढे बाहेरच्या निधीचा प्रकल्प मिळाला तर ठीक, नाहीतर चाळिशीच्या उंबरठ्यावर नवा धंदा शोधा! एका पिढीने जागा अडवून धरू नयेत, असे याचे समर्थन तेथील शिक्षण व संशोधन मंत्रालयाने 'हाना' नावाच्या कल्पित संशोधिकेच्या चित्रफितीतून केले होते. २०२१ साली हजारो संशोधकांनी 'मीच हाना' म्हणत आपली गाऱ्हाणी चव्हाट्यावर मांडली. पण खाट बंद ठेवता येते. प्रयोग बंद ठेवला तर प्रबंध संशोधकाचाच बुडतो, आणि मार्गदर्शक प्राध्यापकच बहुधा त्याचा मालकही असतो. परिचारिकांच्या संघटनेशी हातमिळवणी केल्यावाचून त्याला बळ येणार नाही.

रुडॉल्फ व्हिर्शोव यांनी १८४८ साली अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीवर लोकशाही, शिक्षण आणि समृद्धी हा उपाय सांगितला. क्रांतीची बाजू घेतल्यामुळे १८४९ साली त्यांना शारिटे सोडावे लागले. आज शारिटेच्या एका आवाराला त्यांचेच नाव आहे. मेलेला बंडखोर संस्थांना मानवतो!

कामाच्या ओझ्याने तेथील परिचारिका व्यवसाय सोडतात आणि त्या जागी आपल्या मुलींना पाचारण होते. या मुलींच्या हाती जर्मन भाषेच्या पुस्तकाबरोबर शारिटेचा २०२१ चा करार मराठीत पडला पाहिजे. रुग्ण आणि परिचारिका यांच्या प्रमाणाची मागणी इथल्या संघटनांनीही आपल्या मागणीपत्रात पहिल्या कलमावर घ्यावी.