पंक्तिभेदाचे धर्मशास्त्र

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली ते १८५७ हे साल मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्याच साली दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत डच रिफॉर्म्ड चर्चच्या महासभेने एक ठराव केला. त्याचा आशय असा: नव्याने ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांना जुन्या मंडळीतच सामावून घेणे इष्ट आणि शास्त्रसंमत होय, परंतु काही जणांच्या दुर्बलतेमुळे त्यात अडथळा येत असेल, तर या नवख्रिस्तींची उपासना वेगळ्या वास्तूत व्हावयास हरकत नाही. ही दुर्बलता गोऱ्या सभासदांची होती. प्रभुभोजनाच्या वेळी काळ्या माणसाशेजारी बसणे त्यांना जड जात होते. पंक्तिभेद पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या आपल्या समाजात हा ठराव कोणाला उलगडून सांगावा लागेल, असे आम्हाला वाटत नाही.

ठराव करणाऱ्यांना शास्त्र काय सांगते ते ठाऊक होते; त्यांनी ते नोंदवूनही ठेवले. मागितली होती ती केवळ सवलत. पण सवलतीचा रिवाज झाला, १८८१ मध्ये मिश्रवंशीय ख्रिस्तींसाठी वेगळे चर्चच निघाले आणि पुढच्या पिढ्यांतील पंडितांनी त्या रिवाजाला सिद्धान्ताची वस्त्रे चढविली. १९४८ साली वर्णभेदाचे धोरण घेऊन सत्तेवर आलेले पंतप्रधान मलान हे याच चर्चचे एके काळचे पाळक होते. धार्मिक अतिरेक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार किंवा होळी उभी राहते. येथे मात्र तो स्वच्छ कपडे घालून, स्तोत्रे म्हणत, सभेचे कामकाज नियमानुसार चालवीत आला. ख्रिस्ती समाजातील अतिरेकाचा आणि त्याच्या प्रतिकाराचा विचार करताना आम्ही हेच उदाहरण निवडले, त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे २.३ टक्के आहे. १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स यांना त्यांच्या दोन मुलांसह जिवंत जाळण्यात आले, ही घटना आम्ही विसरलेलो नाही. अशा देशात ‘ख्रिस्ती अतिरेक’ हे शब्द उच्चारताच ते कोणाच्या तरी हातातील काठी होण्याचा धोका असतो. तो आम्हाला मान्य आहे. परंतु एखाद्या समाजाच्या दोषांविषयी केवळ दयेपोटी मौन पाळणे हाही त्याचा एक प्रकारचा अपमानच. अतिरेकाची परीक्षा सत्तेच्या स्थानी होते. म्हणून ख्रिस्ती समाज जेथे सत्ताधारी होता, तेथेच त्याची चिकित्सा करणे न्याय्य ठरेल.

वर्णभेदाच्या समर्थकांनी बायबल बाजूला ठेवले नव्हते. ते त्यांनी फार बारकाईने वाचले होते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्सच्या लोकांपुढे बोलतो. तेथील एका वाक्याच्या पूर्वार्धात देवाने सर्व राष्ट्रे एकापासून निर्माण केली असे म्हटले आहे. उत्तरार्धात त्यांचे काळ आणि वस्तीच्या सीमा त्याने ठरवून दिल्याचा उल्लेख आहे. वर्णभेदाच्या पंडितांनी भर दिला तो उत्तरार्धावर. ‘उत्पत्ती’मधील बाबेलच्या कथेत देव माणसांच्या भाषांचा गोंधळ करून त्यांना पांगवतो. त्या पांगण्यात त्यांना ईश्वरी आज्ञा दिसली, आणि मग वेगळ्या वस्त्या, वेगळ्या शाळा, वेगळी चर्चे ही आज्ञाधारकता ठरली. १९७४ साली या चर्चने वांशिक संबंधांवर जो अधिकृत अहवाल स्वीकारला, त्याचा पाया हेच उतारे होते.

येथे साहित्याचा विद्यार्थी एक रास्त प्रश्न विचारील: संहितेतून अनेक अर्थ निघू शकतात असे तुम्हीच वर्गात शिकवता, मग या वाचनाला चुकीचे कोणत्या अधिकाराने म्हणता? अर्थ अनेक असतात याचा अर्थ सगळेच सारखे टिकतात असा होत नाही. वाक्य अर्धे वाचून भागत नाही, आणि त्या अर्थाची किंमत नेहमी दुसऱ्यालाच मोजावी लागत असेल, तर वाचकाने स्वतःवर संशय घेतला पाहिजे. घर सोडावे लागलेल्या काळ्या कुटुंबाला त्या उत्तरार्धाचा अर्थ कोणी विचारला होता?

तो विचारण्याचे धैर्य प्रथम काही आतल्या माणसांनी दाखवले. बी. बी. कीट आणि बेन मारे हे याच परंपरेतले धर्मशास्त्राचे प्राध्यापक. वर्णभेदाला शास्त्राधार नाही, असे त्यांनी १९५० च्या दशकात जाहीरपणे मांडले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मारली गेली. त्यानंतर डिसेंबरात कॉट्सलो येथे विविध चर्चांची परिषद भरली. वर्णावरून कोणाही श्रद्धावंताला कोणत्याही चर्चमधून वगळता येणार नाही, असे तेथे ठरले. पंतप्रधान फेरवुर्ड संतापले, आणि डच रिफॉर्म्ड चर्चच्या महासभांनी आपल्याच प्रतिनिधींनी दिलेली संमती झिडकारली.

त्या प्रतिनिधींतील बेयर्स नौदे मात्र मागे हटले नाहीत. आफ्रिकानेर सत्तेच्या गाभ्यात असलेल्या ‘ब्रूडरबॉन्ड’ या गुप्त संघटनेच्या संस्थापकांत त्यांचे वडील होते. ते स्वतःही तिचे सभासद होते. १९६३ मध्ये त्यांनी ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट’चे काम स्वीकारले आणि त्यापायी पाळकपद गमावले. १९७७ मध्ये सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम बजावला. त्यांचे शब्द छापणे गुन्हा ठरले, एका वेळी एकाहून अधिक माणसांशी बोलणेही. सात वर्षे हे चालले. अतिरेकाविरुद्ध बोलणारा बाहेरचा असला तर तो शत्रू ठरतो. आतला असला तर द्रोही. द्रोही म्हणवून घेण्याची किंमत अर्थातच जास्त असते.

पण नौदे यांना नायक करून आम्ही थांबलो, तर तोही एक पंक्तिभेदच होईल. निर्णायक वाचन केले ते वेगळ्या वास्तूत बसवल्या गेलेल्यांनी. १९८२ मध्ये ऑटावा येथे जागतिक रिफॉर्म्ड चर्च संघाने वर्णभेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड आहे असे घोषित करून त्या चर्चचे सभासदत्व स्थगित केले. त्यामागे अ‍ॅलन बुसाक यांच्यासारख्या कृष्णवर्णीय धर्मशास्त्रज्ञांचा आग्रह होता. त्याच वर्षी, १८८१ च्या त्या वेगळ्या चर्चने बेलहार येथे एका विश्वासघोषणेचा मसुदा केला आणि १९८६ मध्ये ती स्वीकारली. तिच्या सोबतचे पत्र आम्हाला विशेष महत्त्वाचे वाटते. ही घोषणा कोणा विशिष्ट माणसांविरुद्ध नाही, असे त्यात बजावले आहे. सिद्धान्ताला पाखंड म्हणायचे आणि तो मानणाऱ्याला परतण्याची वाट मोकळी ठेवायची, हे दोन्ही एकदम साधणे सोपे नसते.

परिणाम संथपणे झाला, आणि संपूर्ण झालाही नाही. १९८६ मध्ये गोऱ्या चर्चने आपली दारे सर्व वर्णांना उघडली, तेव्हा नाराज सभासदांनी १९८७ मध्ये गोऱ्यांपुरते नवे चर्च काढले. १९९० च्या नोव्हेंबरात रुस्टेनबर्ग येथे प्रा. विली योंकर यांनी स्वतःचा आणि आपल्या चर्चचा दोष जाहीरपणे कबूल केला. डेस्मंड टुटू यांनी ती कबुली स्वीकारली. वर्णभेदाची राजवट कोसळली ती मुख्यतः लोकलढ्यामुळे आणि बहिष्कारामुळे, हे खरे. धर्मशास्त्राने राजवट उलथवली असा आमचा दावा नाही. पण अत्याचार करणाऱ्याची रविवारची शांत झोप या वादाने हिरावून घेतली.

‘हा खरा धर्मच नव्हे’ असे म्हणून हात झटकणे सोपे असते. ती ओळ आमच्याच ग्रंथात आहे आणि आम्हीच तिचा असा अर्थ लावला, ही कबुली अवघड. प्रतिकार तेथूनच सुरू होतो. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावरही मिशनच्या भगिनींचा शब्द अंतिम मानला नाही. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी सगळे बायबल उतरवले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथ दुसऱ्याच्या डोळ्यांनी न वाचण्याचा हा हट्ट आमच्या भाषेतच घडलेला आहे. आणि तरीही भारतात काही ठिकाणी दलित ख्रिस्तींसाठी दफनभूमी वेगळी असते. १८५७ चा तो ठराव आपल्याकडे कोणी लिहून ठेवला नाही, एवढेच.

आमच्या हाती फार काही नाही. एक वर्ग आहे, एक फळा आहे. त्या फळ्यावर वाक्य पूर्ण लिहावे, आणि कोणी त्याचा अर्धाच भाग वाचू लागला तर त्याला थांबवावे. तो वाचणारा आपल्याच पंक्तीतला असेल, तर आधी थांबवावे.