हरणे मेली, जबाबदार कोण?

पुण्याच्या कात्रज येथील राजीव गांधी प्राणीसंग्रहालयात जुलै 2025 मध्ये अवघ्या काही दिवसांत 15-16 चितळ हरणे मृत्युमुखी पडली. प्रयोगशाळेच्या तपासणीत लाळ्या-खुरकूत रोगाचे निदान झाले. बातम्या आल्या, हळहळ व्यक्त झाली आणि नेहमीप्रमाणे विषय मागे पडला.

आमचे काही कार्यकर्ते विचारतील, "वस्तीत माणसे औषधाविना मरतात, तिथे हरणांचे काय घेऊन बसलात?" सवाल रास्त आहे. पण कुंपणाच्या आत हरीण मरते तेव्हा ते उचलायला कोण जातो? शेणमूत कोण काढतो? उष्टा चारा कोण गोळा करतो? तो माणूस बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो, आणि आता तर तो कंत्राटीही असतो. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

आधी रोगाचे शास्त्र नीट समजून घेतले पाहिजे. लाळ्या-खुरकूत हा विषाणूजन्य रोग गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर आणि हरीण अशा दुखुरी जनावरांना होतो. तो हवेतून पसरतो. तसाच चाऱ्यातून, पाण्यातून, गाडीच्या चाकांवरून आणि माणसाच्या बुटांवरून, कपड्यांवरूनही पसरतो. केंद्र सरकारने 2019 मध्ये या रोगाविरुद्ध राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम सुरू केला, परंतु तो पाळीव जनावरांसाठी आहे. कुंपणातले हरीण ना पाळीव, ना रानातले. ते मधल्यामध्ये लटकते. बरे, हरणाला गायीसारखे दावणीला बांधून सुई टोचता येत नाही. पाठलाग करून धरले तर भीतीने आणि ताणानेच ते दगावू शकते. क्षयाची त्वचाचाचणी करायची तर सुई टोचायला एकदा आणि 72 तासांनी निकाल पाहायला पुन्हा एकदा, असे दोनदा धरावे लागते. म्हणूनच बंदिस्त हरणांच्या बाबतीत रोग आत येऊ न देणे हाच खरा उपाय ठरतो. या कामात हलगर्जी झाली तर तिची किंमत हरणांना जिवाने मोजावी लागते.

जगाचा अनुभव काय सांगतो? अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स येथील संशोधन केंद्रात 1967 मध्ये बंदिस्त हरणे खंगून मरू लागली. भरपूर खायला असूनही हाडांचे सापळे होत, मान खाली घालून लाळ गाळत उभी राहत. आहारात काही कमी असेल, बंदिवासाचा ताण असेल, असे आधी समजले गेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एलिझाबेथ विल्यम्स या पशुवैद्यक शास्त्रज्ञ महिलेने मेलेल्या हरणांचे मेंदू तपासले. मेंदूत स्पंजासारखी छिद्रे होती. हा खंगण्याचा रोग ब्रिटनमधल्या 'मॅड काऊ'च्या जातकुळीतला निघाला. त्याचे कारण जिवाणू नाही, विषाणूही नाही. बिघडलेल्या घडणीचे एक प्रथिन हा रोग घडवते. त्याला प्रायॉन म्हणतात. ते शिजवून मरत नाही, नेहमीच्या जंतुनाशकांनी जात नाही आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. हरणाला लागण झाल्यावर लक्षणे दिसायला दीड-दोन वर्षे लागतात. तोपर्यंत धडधाकट दिसणारे ते हरीण लाळेतून, मूत्रातून, लेंड्यांतून रोग वाटत फिरते.

1981 मध्ये हा रोग रानातल्या एल्क हरणात सापडला. 1996 मध्ये तो कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एल्क पाळणाऱ्या फार्मवर निघाला. 2001 मध्ये तो थेट दक्षिण कोरियात आढळला. समुद्र ओलांडून तो कसा गेला? कॅनडातून आयात केलेल्या जिवंत एल्कच्या अंगातून. कोवळ्या शिंगांच्या औषधी व्यापारासाठी तिथे एल्क पाळले जातात. म्हणजे रोगाला पाय फुटले ते बाजारामुळे. आज अमेरिकेच्या 30 हून अधिक राज्यांत तो पोहोचला आहे. 2016 मध्ये नॉर्वेच्या रानटी रेनडिअरमध्ये तो सापडला, तेव्हा तेथील सरकारला रोगग्रस्त भागातला सुमारे 2 हजारांचा सगळा कळप मारून टाकावा लागला. या रोगाची माणसाला लागण झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही रोगी हरणाचे मांस खाऊ नका, असे तिथले आरोग्य खाते शिकाऱ्यांना बजावते.

क्षयाची गोष्ट मात्र वेगळी आहे. जनावरांचा क्षय माणसाला होतो. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात 1990 च्या सुमारास फार्मवरील एल्कमध्ये गोवंशीय क्षयाची साथ आली. त्या जनावरांच्या संपर्कात आलेल्या माणसांची तपासणी केली गेली, तेव्हा अनेकांची त्वचाचाचणी सकारात्मक आली आणि एकाच्या थुंकीत तेच जंतू सापडले. तिथे माणसे तपासली म्हणून हे कळले. आपल्याकडे तपासतो कोण?

मागे एका शहरातल्या प्राणीसंग्रहालयात कंत्राटदाराकडे काम करणारा एक तरुण थकलेल्या पगाराची तक्रार घेऊन आमच्याकडे आला होता. बोलता बोलता आम्ही विचारले, "बाबा, तुझी वैद्यकीय तपासणी होते का?" तो हसला. म्हणाला, "साहेब, डॉक्टर येतात ते जनावरांसाठी." हातमोजे नव्हते. बूट स्वतःचे, आणि तेच बूट घालून तो घरी जायचा. घरी दोन शेळ्या होत्या, लहान पोर होते. रोगाला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट एकच होती, आणि ती त्या तरुणाच्या पायातून जात होती. दोष त्याचा नव्हता. त्याला बुटांचा दुसरा जोड आणि हातपाय धुवायला साबण न देणाऱ्यांचा होता.

कायदा याबाबत मुका नाही. प्राणीसंग्रहालय मान्यता नियमांत कर्मचाऱ्यांच्या आरोग्य तपासणीची तरतूद आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट आमच्या कामगार बांधवांनी ध्यानात ठेवावी. 1923 च्या कर्मचारी नुकसान भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, जनावरे आणि त्यांची मृत शरीरे हाताळणाऱ्यांना कामामुळे जडणारे संसर्गजन्य रोग हे व्यावसायिक रोग मानले होते. आता त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही यादी आहे. असा रोग म्हणजे कामावर झालेला अपघातच, असे कायदा मानतो. तो कामामुळे झाला नाही, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत मूळ मालकालाही हात झटकता येत नाहीत. मात्र त्यासाठी निदान झालेले असावे लागते, कागद असावा लागतो. तपासणीच नाही तर रोग नाही, आणि रोग नाही तर भरपाई नाही. ही बेपर्वाई कोणाच्या सोयीची आहे, हे सांगायला नको.

दिल्लीच्या हौज खास येथील हरीण उद्यानाची मान्यता केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने 2023 मध्ये रद्द केली. बंदिस्त जागेत हरणांची संख्या बेसुमार वाढली होती आणि रोग पसरण्याचा धोका होता. त्यानंतर तिथली हरणे राजस्थानच्या व्याघ्र प्रकल्पांत हलवण्याचा निर्णय झाला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गर्दी वाढू द्यायची आणि गळ्याशी आले की गाडीत भरून दुसरीकडे पाठवायचे, ही रीत धोक्याची आहे. तपासणीविना हरीण हलले की रोगही हलतो. कोरियाने हे अनुभवले आहे.

तथागतांनी पहिला उपदेश सारनाथच्या मृगदावात केला. मृगदाव म्हणजे हरणांना अभय असलेले वन. तिकीट लावून दाटीने कोंडलेल्या आणि रोगाच्या तोंडी सोडलेल्या कळपाला अभय म्हणता येणार नाही. संविधानाच्या कलम 48-क ने वन्यजीवांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे आणि 51-क(छ) ने सजीवांविषयी करुणा हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ही करुणा फलकावर रंगवण्यासाठी नाही. ती अंमलबजावणीत दिसली पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. बंदिस्त हरीण मेले की शवविच्छेदनाचा अहवाल जनतेसाठी खुला करा. नवे जनावर आले तर ते आधी वेगळे ठेवा, तपासा, मगच कळपात सोडा. संग्रहालयाच्या आसपासच्या गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांचे लसीकरण चुकवू नका. चारा कुठून येतो याची नोंद ठेवा. जागा पाहून संख्या ठेवा. आणि पिंजऱ्यात उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला, मग तो कायम असो वा कंत्राटी, बूट, हातमोजे, धुण्याची सोय आणि वर्षातून एकदा क्षयासह सर्व तपासण्या द्या. तपासणीचा कागद त्याच्या हातात द्या.

आमच्या वाचकांपैकी जे महापालिकांत, वन खात्यात, प्राणीसंग्रहालयांत कामाला आहेत, त्यांनी उद्याच लेखी अर्ज करावा, "आमची तपासणी शेवटची कधी झाली?" त्यावर पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहे. मेलेली हरणे परत येणार नाहीत. पण त्यांना उचलणारा माणूस जिवंत आहे, आणि त्याला जिवंत ठेवणे आपल्या हातात आहे.